एळुमनीची रेणुकाबाई

हुमनाबादहून चिंचोळीच्या बाजूला निघालं, की तासाभरात तांबड्या मातीचे डोंगर लागतात. त्यातल्या दोन डोंगरांच्या बेचक्यात केरेवाडीचा तलाव आहे. तलावाच्या उगवतीच्या उतारावर सात घरं उभी आहेत. जांभ्या दगडाच्या भिंती, भिंतीएवढ्या काचा, आणि एकाच्या ओसरीतून दुसऱ्याची ओसरी दिसणार नाही अशी बसवलेली. फाटकावर इंग्रजीत एक लांबलचक नाव कोरलेलं आहे. ते गावात कुणाला धड म्हणता येत नाही आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. कानडीत एळु म्हणजे सात आणि मनी म्हणजे घर, म्हणून केरेवाडीची माणसं त्या जागेला एळुमनी म्हणतात.

या एळुमनीचा सगळा कारभार रेणुकाबाईच्या हातात आहे. वय असेल सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. धनगराची लेक आणि धनगराचीच सून. शाळा तिसरीपर्यंत. मराठी घरातली, कानडी बाजारातली, हैदराबादी उर्दू मेंढरं घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून कानावर पडलेली, आणि तेलुगू अलीकडे पाहुण्यांच्या ड्रायव्हरांकडून उचललेली. कुणाशी काय बोलायचं हे तिला विचार करावा लागत नाही. समोरच्याचं तोंड उघडलं, की तिची भाषा आपोआप बदलते.

बारा वर्षांपूर्वी या उतारावर सीताफळीची झाडं आणि कुसळं, एवढंच होतं. रेणुकाबाई तेव्हा नवऱ्याबरोबर, मायाप्पाबरोबर, इथं मेंढरं आणायची. एक दिवस दोन गाड्या बांधावर येऊन थांबल्या. त्यातून उतरलेला माणूस म्हणजे संगमेश्वर. मूळचा बीदरमधल्या नौबादचा, हैदराबादेत औषधाच्या कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवून मोठा झालेला. तो तळ्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं जवळ उभ्या असलेल्या रेणुकाबाईला विचारलं, "बाई, ह्या तळ्याला उन्हाळ्यात पानी ऱ्हातंय का?"

"ऱ्हातंय की," ती म्हणाली. "पन दर साली न्हाई."

बहुधा त्यानं उत्तराचा पहिला अर्धा भागच ऐकला. वर्षाच्या आत उताराची खरेदी झाली.

शहरातल्या पैसेवाल्यांत तेव्हा ही हवा नवीनच सुटली होती. एकट्याचा फार्महाउस आता कुणाला नको होता. डोंगर हवा, पाणी हवं, कुंपण एकच हवं, पण आत घरं मात्र चार, सहा, आठ. सणासुदीला सगळं गोत एका जागी जमावं आणि रात्री ज्यानं त्यानं आपापलं दार लावून घ्यावं. संगमेश्वरला दोन भाऊ, एक बहीण आणि दोन चुलतभाऊ. एका छताखाली दोन दिवसांच्या वर त्यांचं जमत नव्हतं आणि एकमेकांवाचून करमतही नव्हतं. म्हणून आईचं धरून सात घरं.

बांधकाम तीन वर्षं चाललं. रेणुकाबाई त्यावर बिगारी होती. डोक्यावरून जांभ्याचे चिरे वाहिले, वाळू वाहिली, पाइपांचे चर बुजवले. आणि वास्तुशांतीच्या दिवशी, मांडवात दोनशे माणसं जेवायला बसायच्या बेतात असताना, सातही घरांचं पाणी गेलं. कुठंतरी जमिनीखाली पाइप फुटला होता. कंत्राटदार बिल घेऊन मोकळा झाला होता. इंजिनिअरानं नकाशा पसरला, चष्मा पुसला, पुन्हा नकाशा बघितला आणि चार ठिकाणी खोदायला लावलं. चारही जागा कोरड्या निघाल्या.

रेणुकाबाई भांडी घासायच्या बायकांत बसली होती. ती उठली, चौथ्या घराच्या मागं गेली आणि एका जागी उभी राहून म्हणाली, "हितं खोदा."

इंजिनिअर म्हणाला, "नकाशात इथं पाइप नाही."

"नकाशात नसंल. ह्याच्यावर वाळू मी टाकलीय. मोठा दगड लागला म्हनून चर वळवला हुता."

दोन फुटांवर पाणी लागलं. जेवणं तासभर उशिरा झाली, पण झाली. त्याच संध्याकाळी संगमेश्वरनं तिला विचारलं, "रेणुकाबाई, ही घरं सांभाळता का?" तिनं मायाप्पाकडं बघितलं. मायाप्पा फार बोलणारा माणूस नव्हे. तो म्हणाला, "तुला ठाव हाय की सगळं कुठं काय हाय ते."

तेव्हापासून ती या घरांची झाली. पहिलं वर्ष तिला धाक होता. पडदे बटणावर सरकायचे, एका न्हाणीघराला तर काचेची भिंत होती. त्या भिंतीचं तिला इतकं अवघड वाटायचं, की ती तिथं डोळे खाली घालूनच पुसापुशी करायची. मग एकेक घराचा स्वभाव तिला कळत गेला. दुसऱ्या घराचं दार आषाढात फुगतं. पाचव्या घराच्या छपरात पाकोळ्या घरटं करतात आणि पाहुणे यायच्या आधी नव्हे, पिल्लं उडाल्यावरच ते काढायचं असतं. सातवं घर सगळ्यांत लहान, संगमेश्वरच्या आईसाठी बांधलेलं. त्याच्या ओसरीवर दुपारी तीनला असा वारा येतो, की पंखा लावायची गरज नाही. गावातल्या आठ बायकांना तिनं कामाला लावलं होतं. त्यांना ती दटावायची, "काच पुसताना तोंड बघत बसू नका गं, काच बघा."

एळुमनीचं बघून तलावाच्या मावळतीच्या अंगाला आणखी दोन वसाहती झाल्या, एक सहा घरांची आणि एक अकरा घरांची. शनिवारी संध्याकाळी पलीकडच्या काठावर दिव्यांची माळ लागायची आणि तळ्यात तिची दुसरी माळ दिसायची. रेणुकाबाईला ते आवडायचं. बाकी कुणी काही म्हणो, केरेवाडीच्या पोरी आता ऊसतोडीला जात नव्हत्या, आणि तिची स्वतःची लेक, भाग्यलक्ष्मी, कलबुर्गीला नर्सिंग शिकत होती.

मग ते कोरडं साल आलं.

आदल्या पावसाळ्यात पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. मे महिन्यात तलाव आटत आटत मधल्या डबक्यावर आला. काठाच्या चिखलाला भेगा पडल्या. बांधाच्या खाली गावची विहीर आहे, ती तलावाच्या पाझरावर चालते. गावात नळ आलेत खरे, पण नळांच्या टाकीत पाणी चढतं ते त्याच विहिरीतून. एळुमनीची मोटार तळ्याच्या काठाशी खोदलेल्या आडावर होती. परवानगी रीतसर होती, कागद फायलीत होते.

आणि त्याच महिन्यात संगमेश्वरच्या आईला, दानेश्वरीअव्वांना, ऐंशी पूर्ण होत होती. सातही घरं भरणार होती. पोरंसोरं धरून चाळीस माणसं. संगमेश्वरचा फोन आला, "रेणुकाबाई, शुक्रवारपर्यंत पवायचा हौद भरून ठिवा. पोरांनी आत्तापास्नं धिंगाना लावलाय."

सोमवारी सकाळी तिनं मोटार चालू केली. हौदात पाणी पडायला लागलं. निळ्या फरशीवर ते पसरताना तिला नेहमीसारखं बरं वाटलं.

मंगळवारी पहाटे बसव्वा दारात आली. बसव्वा म्हणजे तिच्या शेजारची, रेणुकाबाईपेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिच्याबरोबर चार बायका होत्या आणि सगळ्यांच्या घागरी रिकाम्या होत्या. भांडायला आल्यासारखं कुणाचं तोंड नव्हतं. बसव्वा नुसती म्हणाली, "रेणुका, हिरीत घागर बुडंना झालीय. तू येऊन बघतीस का?"

ती गेली. विहिरीच्या तळाशी पाणी होतं, पण वाटीनं भरून घ्यावं लागेल इतकंच. तिनं एक काठी घेतली, कपारीत रोवली आणि पाण्याच्या रेषेवर चाकूनं खूण केली. मग वर जाऊन मोटार बंद केली. दुपारी येऊन बघितलं, तर पाणी खुणेच्या वर चार बोटं चढलं होतं. पुन्हा मोटार लावली, संध्याकाळी बघितलं. पाणी खुणेच्या खाली गेलं होतं. बुधवारी तिनं हेच परत केलं, कारण एका दिवसावर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती. बुधवारीही तेच झालं.

त्या संध्याकाळी तिनं मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं आणि फोन केला.

"साहेब, मोटार मी बंद केलीय."

"कामून? बिघडली का?"

"बिघडली न्हाई. मी बंद केलीय. गावच्या हिरीत पानी राहीना झालंय. आपली मोटार लागली, की तिथलं पानी बसायलंय. दोन दिस खूण करून बघितलंय मी."

संगमेश्वर म्हणाला, "रेणुकाबाई, आपल्याला परवानगी हाय. कागद हायत."

"कागद हायत, मला ठाव हाय. पानी न्हाई."

"तुमाला मोटार बंद करा म्हनून कुनी सांगितलं?"

तिनं खरं ते सांगितलं, "कुनीच न्हाई."

फोन बंद झाला. रेणुकाबाईनं मोटारीच्या खोलीची चावी कनवटीला खोवली.

गुरुवारी दहा वाजता रविकुमार मिस्त्री मोटारसायकलवर आला. मोटारींची कामं करणारा, हुमनाबादचा. एळुमनीच्या पंपाची देखभाल त्याच्याकडं होती आणि तो रेणुकाबाईला अक्का म्हणायचा.

"अक्का, चावी द्या. चालू करून जातो."

"देत न्हाई, रवी."

"साहेबांनी सांगितलंय."

"मला बी सांगितलंय. तू चा पी."

रविकुमारनं कुलपाकडं बघितलं. साधंच कुलूप होतं, एका घावात निघालं असतं. त्याच्या पिशवीत हातोडा होता आणि तो पिशवीत आहे हे दोघांनाही दिसत होतं. त्यानं चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. मग मोटारसायकलला किक मारली आणि जाता जाता तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला. "साहेब, कुलूप लई जाड हाय. तुमीच या."

संगमेश्वर म्हणाला, उद्या येतो.

रात्रीच्या भाकरी थापताना रेणुकाबाई मायाप्पाला म्हणाली, "काम गेलं समजा."

"मेंढरं हायत की बारा."

"बारा मेंढरांवर भाग्यलक्ष्मीच्या शेवटच्या वर्षाची ऱ्हायलेली फी निघल का?"

मायाप्पानं शेंगाचटणी भाकरीवर घेतली, एक घास खाल्ला. मग म्हणाला, "न्हाई निघनार. पन मोटार लावलीस, तर बसव्वाच्या दारावरनं रोज कशी जानार हायस, त्ये मला न्हाई ठाव."

रेणुकाबाईला त्याचा रागच आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. ती पाठ करून झोपली.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला गाडी आली. तिला वाटलं होतं एकटे साहेब येतील. पण मागच्या सीटवरून दानेश्वरीअव्वा उतरल्या. हिरवं इरकल, कपाळावर भस्म, हातात काठी. फोनवरचं बोलणं हैदराबादेत त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्या मुलाला म्हणाल्या होत्या, मी पण येते.

संगमेश्वर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात अव्वांनी विचारलं, "रेणुका, ती हिर कुठं हाय?"

"खाली हाय, अव्वा. ऊन लई हाय. तुमी बसा."

"दाखव मला."

तिघं उतरून गेली. अव्वांचा एक हात काठीवर आणि एक रेणुकाबाईच्या खांद्यावर. विहिरीत दोन बायका पायऱ्यांवर उतरल्या होत्या. एक वाटीनं पाणी भरत होती, दुसरी घागर तिरकी धरून बसली होती. वर काठाला बसव्वा दोर सांभाळत उभी होती. अव्वांनी तिला विचारलं, "एक घागर भराया किती वेळ लागतोय, अक्का?"

बसव्वाला ही म्हातारी कोण, ते ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आता बरं हाय, माय. अर्ध्या तासात भरती. परवा तास तास लागायला हुता. एळुमनीची मोटार बंद झाली, तवापास्नं पाझर सुटलाय."

रेणुकाबाई तिला डोळ्यानं खुणावायला बघत होती, पण बसव्वाचं लक्ष दोराकडं होतं. "मालक लई गरम झालाय म्हनं," ती पुढं म्हणाली. "ह्या रेणुकाचं काम जातंय बघा."

संगमेश्वर विहिरीच्या काठावर हात ठेवून वाकला होता. तो तसाच वाकलेला राहिला. खालच्या बाईनं वाटी दगडावर खरवडली, तो आवाज वरपर्यंत आला.

अव्वा म्हणाल्या, "संगू, तो हौद कशाला भराया लागला हुतास?"

"तुझ्या वाढदिवसाला, अव्वा."

"मला कुठं पवता येतंय?"

आधी कुणीच हसलं नाही. मग बसव्वाला कळलं, की ही कोण आणि हा कोण. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, थांबेचना. अव्वाही हसल्या. संगमेश्वर हसला नाही, पण त्यानं बसव्वाच्या हातातला दोर घेतला आणि भरलेली घागर वर ओढली. त्याला सवय नव्हती, निम्मं पाणी हिंदकळून परत विहिरीत गेलं. रेणुकाबाईनं पुढं होऊन दोर धरला.

परत चढताना तो तिच्याबरोबर चालत होता. "तुमी मला फोनवर म्हनायचं, या आन बघा. एवढंच म्हनायचं."

"म्हनले असते, तर आला असता का, साहेब?"

"न्हाई," तो म्हणाला.

हौदात साचलेलं दोन फूट पाणी होतं, त्यात अजून औषध टाकलं नव्हतं. रविकुमारला परत बोलावलं. त्यानं पाइप जोडून ते पाणी उतारावरून खाली गुरांच्या हाळात सोडलं. मायाप्पाची बारा मेंढरं सगळ्यांत आधी येऊन पाण्याला लागली. मायाप्पानं संगमेश्वरकडं बघून फेट्याला हात लावला.

वाढदिवस झाला. सगळ्यांनाच तो आवडला असं म्हणता येणार नाही. एका चुलतभावाच्या घरच्यांनी टँकरच्या पाण्यातून अंघोळीला मोजून दोन बादल्या मिळणार हे ऐकलं आणि ती मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळीच हैदराबादला परतली. जाताना रेणुकाबाईकडं त्यांनी बघितलं नाही. तिला ते लागलं, कारण त्यांच्या घराची फुलझाडं तिनं सगळ्यांत जास्त जपली होती. बाकीची मंडळी राहिली. पोरांनी रिकाम्या हौदात उतरून क्रिकेट मांडलं. चारी बाजूंनी भिंत, चेंडू हरवायची भीती नाही, सावलीही होती. गावातली पोरं कुंपणापाशी येऊन बघायला लागली, तेव्हा अव्वांनी रेणुकाबाईला फाटक उघडायला लावलं. मग हौदाच्या कडेला खुर्ची टाकून त्या स्वतः निवाडा द्यायला बसल्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. जो जास्त ओरडायचा, त्याला त्या बाद द्यायच्या. दोन दिवसांत पोरं इतकी शहाणी झाली, की नुसत्या कुजबुजीत अपील करायला लागली.

संगमेश्वरनं जाण्याआधी बांधाच्या दगडावर एक पांढरी रेघ मारून घेतली. कुठं मारायची, ते रेणुकाबाईनं दाखवलं. पाणी त्या रेघेखाली गेलं, की एळुमनीची मोटार बंद. तसं लिहून सातही घरांच्या सह्या घेतल्या. गेलेल्या चुलतभावाची सही यायला दोन महिने लागले, पण आली.

पलीकडच्या वसाहतींकडं रेणुकाबाई स्वतः गेली, बसव्वाला बरोबर घेऊन. सहा घरांच्या मालकिणीनं सगळं ऐकून घेतलं, विहिरीवर येऊन बघितलं आणि रेघ मान्य केली. अकरा घरांचा मालक बेंगळुरूला राहतो. त्याच्या माणसानं त्यांना फाटकातूनच परत लावलं. तिथली मोटार त्या उन्हाळ्यात चालूच राहिली. रेणुकाबाई त्या फाटकाशी नंतर आणखी तीनदा गेली. अजूनही जाते.

जूनअखेरीस तलावात पाणी आलं, श्रावणात ते सांडव्यापर्यंत पोचलं. भाग्यलक्ष्मी पास झाली आणि कलबुर्गीच्या एका दवाखान्यात लागली. आईनं आता काम सोडून आपल्याकडं यावं, असा तिचा हट्ट होता. रेणुकाबाई गेली, आठ दिवस राहिली, लेकीच्या खोलीतली एकुलती खिडकी दोनदा पुसली आणि नवव्या दिवशी हुमनाबादच्या बसमध्ये बसली.

दानेश्वरीअव्वा वाढदिवसानंतर हैदराबादला परत गेल्याच नाहीत. आधी म्हणाल्या, उन्हाळा संपेपर्यंत राहते. मग म्हणाल्या, पाऊस बघून जाते. आता दिवाळी येऊन गेली, तरी त्या सातव्या घरात आहेत. सकाळी त्यांची लिंगपूजा होते, तोवर रेणुकाबाई ज्वारीची भाकरी करून ठेवते. दुपारी तीनचा वारा सुटला, की दोघी ओसरीवर बसतात. आणि अधूनमधून, रेणुकाबाईचा डोळा चुकवून, ही ऐंशी वर्षांची बाई काठी टेकत उतार उतरून बसव्वाच्या घरी ताक प्यायला जाते.

"अव्वा, सांगून तर जात जावा," रेणुकाबाई परवा चिडून म्हणाली. "पाय घसरला म्हंजे साहेबांना मी काय सांगू?"

"सांग, की लई ताक पिली," अव्वा म्हणाल्या, आणि चपला काढून ओसरीवर बसल्या.